दुप्पट रोडग्यांना किती वेळ

एका कोंबड्यानं बांग दिली की एक सूर्य उगवतो. दोन कोंबड्यांनी बांग दिली तर किती सूर्य उगवतील? सातवीच्या वर्गाला मी एकदा हा प्रश्न घातला आणि देवाशपथ सांगते, अर्ध्या वर्गानं "दोन सूर्य" असं लिहिलं. एका पोरीनं तर उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि ऐटीत वही पुढे केली. मी कपाळावर हात मारला. मग हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा हसू आलं. तासाचा उरलेला वेळ आम्ही दोन सूर्य असते तर दुपारी डब्यातली भाजी किती लवकर आंबली असती यावर घालवला.

पोरांचा दोष नाही हो. आपणच त्यांना तीन आकडे दाखवून चौथा काढायची चटक लावतो. तीन आकडे दिसले की गुणा, भागा, झालं. दहा वर्षांच्या मुलाची उंची अमुक, तर तो वीस वर्षांचा झाल्यावर किती? आमचे विद्यार्थी त्या बिचाऱ्याचं डोकं छपराबाहेर काढून मोकळे. प्रमाणाचं गणित सोडवणं सोपं असतं. मुळात तिथे प्रमाण आहे की नाही हे ओळखणं अवघड. एक दुप्पट केलं की दुसरं खरंच दुप्पट होतं का, एक निम्मं केलं की दुसरं निम्मं होतं का, एवढंच स्वतःला विचारायचं. वर्गात मी हे घसा ताणून सांगते. आणि हे सांगणाऱ्या बाईनं स्वतः काय दिवे लावले, ते आता ऐका.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. बुलढाण्यात आईबाबांकडे राहायचे आणि रोज सकाळी देऊळघाटच्या अंगाला एका गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवायला जायचे. माझ्या रागाची कीर्ती आमच्या गल्लीच्या बाहेर पोचली होती. आई म्हणायची, ही पोरगी नाही, फोडणी आहे, जवळ उभं राहायचं तर पदर सांभाळून. तोंडानं मी पक्की वऱ्हाडी, लिहिताना तेवढी जरा भांग पाडून लिहिते, हे लक्षात असू द्या.

त्या हिवाळ्यात पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा नोकरीत, शांत, दिसायला बरा, घरची माणसं चांगली. उगाच नावं ठेवणार नाही, त्यांनी माझं काही वाईट केलं नाही. येऊन पाहून गेले, पसंत आहे म्हणाले. अडचण एकच होती. त्या मुलाशी फोनवर बोलताना मी मी राहत नव्हते. आवाज आपोआप बारीक व्हायचा, शब्द इस्त्री केल्यासारखे निघायचे, आणि तो काहीही बोलला तरी माझ्या तोंडून "हो ना" बाहेर पडायचं. मी आणि "हो ना". पहिल्यांदा आईनं ते ऐकलं तेव्हा ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. जन्मभर असं "हो ना, हो ना" करत बसायचं, या विचारानं मी फोन ठेवला की भांडी आपटायचे.

पण नाही म्हणायला कारण काय सांगू? बाबा निवृत्त कारकून. त्यांना प्रत्येक नकाराला कारण लागायचं, तेही पटेल असं. मागच्या स्थळाला मी "मुलगा फारच हळू चहा पितो" असं कारण दिलं होतं, त्यानंतर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. या वेळी त्यांनी शांतपणे बजावलं, रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग, लोकांना असं टांगून ठेवणं शोभत नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हो म्हणून टाकू, सगळेच म्हणतात.

नेमकं त्याच आठवड्यात बुलढाण्याला आमचं तीन दिवसांचं गणिताचं प्रशिक्षण लागलं. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून चाळीसेक शिक्षक आलेले. प्रशिक्षण म्हटलं की आमचा एक डोळा घड्याळावर आणि एक चहाच्या किटलीवर, पण शिकवायला होते ते गुरुजी मोठे मिश्कील होते. निवृत्तीला आलेले, देऊळघाटला स्वतःची शेती, आणि खोड्या काढायची हौस विशीतल्या पोरासारखी. त्यांनी फळा भरून प्रश्न लिहिले आणि सांगितलं, एकही सोडवायचा नाही, नुसतं ओळखायचं. प्रमाण आहे का नाही, बस.

पेनं आणि त्यांची किंमत, आहे. भावाचं वय आणि बहिणीचं वय, नाही. तिसरा प्रश्न होता, दोरीवर तीन साड्या वाळायला दोन तास लागतात तर सहा साड्या वाळायला किती. लगेच चार-पाच जणांनी "चार तास" म्हणून हात वर केले. मी अशा प्रश्नावर टपूनच बसलेली असते. उठून उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं की दोनच तास, ऊन काय साड्या मोजून पडत नाही, हे प्रमाण नाही. गुरुजींनी मान डोलावली. माझी कॉलर ताठ झाली, म्हणजे असती तर झाली असती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. "दोरी केवढी आहे?"

मी वळून पाहिलं. किरकोळ अंगाचा, मफलर गुंडाळलेला एक माणूस अगदी साध्या चेहऱ्यानं विचारत होता. जळगाव जामोदकडच्या एका शाळेवर होता तो, इथे मावशीकडे उतरला होता. त्याचं म्हणणं, दोरी आखूड असली तर साड्या एकीवर एक पडणार, मग दोन तासांत वाळणार कशा? मी म्हटलं, दोरी पुरेशी आहे असं धरायचं असतं. तो म्हणाला, तसं तर लिहिलेलं नाही. मी विचारलं, सर, तुम्ही शाळेत गणित शिकवता का दोऱ्या विकता? सगळा हॉल हसला. तो हसला नाही, रागावलाही नाही. आमच्या घरी दोरी आखूडच आहे, मॅडम, एवढं म्हणून खाली बसला.

झालं, वाघ म्हटलं तरी खातो नि वाघोबा म्हटलं तरी खातो, अशी माझी अवस्था. मी चूक नव्हते आणि तोही चूक नव्हता, आणि याचाच मला जास्त राग आला. मग तीन दिवस आमचं जुंपलं. मजूर दुप्पट केले तर विहीर निम्म्या दिवसांत खणून होते, असं मी म्हणायचा अवकाश, हा विचारणार, विहिरीत उतरून उभे राहतील किती जण? गाडीचा वेग दुप्पट केला तर वेळ निम्मा, असं म्हटलं तर हा म्हणणार, राजूर घाटात करून दाखवा. गुरुजी फळ्यापाशी उभे राहून मजा बघत होते. बाकीचे तर चहाची सुट्टी झाली तरी उठेनात, आमचं भांडण ऐकत जागेवरच बसायचे.

आणि आता सांगून टाकते, आडपडदा कशाला, मला तो आवडला होता. घरी जाऊन भाकरी थापताना मी दुसऱ्या दिवशीच्या भांडणाची तयारी करायचे आणि एकटीच हसायचे. त्या तीन दिवसांत मी एकदाही "हो ना" म्हटलं नाही. आवाज पूर्ण उघडा, तोंड पूर्ण वऱ्हाडी, भूक दुप्पट, झोप निम्मी. आईनं दोनदा माझ्याकडे रोखून पाहिलं. पण त्या बाबाजीचं काय? तो भांडणाशिवाय एक अक्षर बोलायला तयार नव्हता. जेवायला समोर बसला तरी वरणात मीठ कमी आहे का, इतपतसुद्धा बोलणं नाही. मी दिसले की ताटात मान खाली. मला वाटायचं, याला माझं काहीच नाही, याला फक्त दोरीची लांबी पाहिजे.

शनिवारी प्रशिक्षण संपलं. गुरुजींनी जाहीर केलं की उद्या रविवारी सगळ्यांनी त्यांच्या देऊळघाटच्या शेतात रोडगे खायला यायचं. आमच्याकडे हिवाळ्यात चार माणसं जमली की रोडगे होतातच. कणकेचे मुठीएवढे जाड गोळे, आत तेल लावून घडी घातलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर हाणायचे. खाऊन झाल्यावर माणूस झाडाखाली आडवा होतो आणि त्याला संध्याकाळपर्यंत उठवायचं नसतं. मला आनंद एवढ्याचसाठी झाला की तो संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता, म्हणजे रोडग्यांना येणार होता. आणि संध्याकाळीच मला बाबांना उत्तर द्यायचं होतं.

शेतात पोचलो तर गुरुजी डोकं खाजवत उभे. नेहमी ते दहा जणांचे रोडगे करायचे, एक खड्डा, तासभर आच, काम फत्ते. आज चाळीस माणसं. कणीक तर चौपट मळून ठेवली होती, पण आच किती वेळ द्यायची? त्यांनी कधी एवढे केलेच नव्हते. मग त्यांच्यातला खोडकर पोरगा जागा झाला. तीन दिवस एवढं भांडलात, आता सांगा बरं, म्हणाले. प्रमाण आहे का नाही?

मी लगेच म्हटलं, वेळ तेवढाच. गोवऱ्या रोडग्यांच्या प्रमाणात वाढवायच्या की झालं, आच वाढली, रोडगे वाढले, तास तोच. तो लगेच म्हणाला, नाही जमत मॅडम, खड्डा तर तेवढाच आहे ना. खड्डा तेवढाच ठेवून रोडगे दुप्पट केले तर वेळही दुप्पट लागणार, आणि आच विझत आली की गोवऱ्या टाकत राहायच्या. मी म्हटलं, कोळसा होईल. तो म्हणाला, तुमचे कच्चे राहतील. गुरुजींच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी कणकेचे दोन सारखे भाग केले आणि शेताच्या दोन टोकांना सारखेच दोन खड्डे दिले. एक माझा, एक त्याचा. प्रत्येकात नेहमीच्या दुप्पट रोडगे. मधोमध झाडाखाली चाळीस पोटं बसली आणि भाजीचा वास त्यांना छळायला लागला.

मी सैन्य हाकल्यासारखं काम केलं. पदर खोचला, गोवऱ्या दुप्पट रचल्या, निखारे लाल झाल्यावर रोडग्यांचा ढीग रचला, वरून पुन्हा निखारे ओढले. आच अशी पेटली की जवळ जाववेना. शेजारी उभ्या असलेल्या एका मॅडमनं हळूच सुचवलं की ढीग जरा पसरून घेतला तर बरं होईल. मी तिला म्हटलं, काही नको, गणित पक्कं आहे. तास भरला आणि मी विजयी मुद्रेनं पहिला रोडगा ओढला. वरून काय सोनेरी रंग आला होता म्हणून सांगू. टाळ्या वाजल्या. मग गुरुजींनी तो फोडला.

आत कणीक. ओली, पांढरी, बोटाला चिकटणारी कणीक. दुसरा फोडला, तोही तसाच. ढिगाच्या वरचे दोन-चार तेवढे बरे निघाले, बाकी सगळे वरून नवरदेव आणि आतून बाळ. दुप्पट आचेनं बाहेरचं पटकन भाजलं आणि ती आच विझून खाली बसली, ढिगाच्या पोटात उष्णता शिरायला सवडच मिळाली नाही. पुन्हा भाजायला निखारेही उरले नव्हते. मी खड्ड्यापाशी मटकन बसले. लाजेनं माझे कान असे तापले की त्यांवर दोन रोडगे भाजले असते.

सगळ्यांनी आशेनं शेताच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे हा पठ्ठ्या कमरेवर हात ठेवून उभा, कोणालाही खड्ड्याजवळ येऊ देत नव्हता. अजून वेळ आहे, म्हणे. दुप्पट वेळ भरू द्या. धूर काळा पडत चालला होता. एक भुकेला शिक्षक त्याच्या हातापाया पडायचा तेवढा बाकी होता. गुरुजी स्वतः जाऊन म्हणाले, अबे, वास येऊन राह्यला, काढ आता. हा हलला नाही. दोन तास पूर्ण झाले तेव्हाच त्यानं काठीनं राख बाजूला केली आणि एक एक काळा गोळा बाहेर घरंगळत आला. कोळशाच्या वखारीत शोभले असते असे.

चाळीस माणसं, दुपार टळलेली, एका टोकाला कच्ची कणीक आणि दुसऱ्या टोकाला कोळसा. मग मेहकरकडच्या एका सरांनी गंभीरपणे विचारलं की प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र परत द्यावं लागेल का, आणि तिथून जे हसू सुटलं ते कोणाच्यानं आवरेना. माणसं अक्षरशः काळ्या मातीत लोळत होती. मी मात्र संतापले होते. मी तरातरा चालत त्याच्या खड्ड्यापाशी गेले, एक कोळसा उचलला आणि रागानं दगडावर आपटला.

तो फुटला. आणि आतून काय निघालं? पांढराशुभ्र, पदर सुटलेला, वाफाळता, नीट शिजलेला गाभा. वरचं कवच जळून खाक, आतला रोडगा एक नंबर. मी त्या गाभ्याकडे पाहिलं, मग माझ्या टोकाच्या सोनेरी ढिगाकडे पाहिलं. माझ्या रोडग्यांचं कवच खमंग होतं आणि गाभा कच्चा. याच्या रोडग्यांचा गाभा खमंग होता आणि कवच जळलेलं. मी ओरडून सगळ्यांना सांगितलं, माझ्या रोडग्यांवरचं सोला आणि याच्या रोडग्यांतलं काढा.

मग जी पंगत बसली तिला तोड नाही. चाळीस शिक्षक दोन्ही हातांनी सोलतायत, आपटतायत, फुंकर मारतायत. याचा गाभा, माझ्याकडचं कवच, वरून तुपाची धार, बाजूला गुरुजींच्या घरच्या बायांनी केलेली झणझणीत वांग्याची भाजी. सगळ्यांची तोंडं काळी झालेली. गुरुजी तोंडात घास असताना सांगत होते की तुम्ही दोघंही नापास, खड्डा तेवढाच, ढीग दुप्पट, तर वेळ ना तेवढाच राहत ना दुप्पट होत, कुठेतरी मधेच बसतो, आणि कुठे बसतो ते मलेही माहीत नाही. त्यांना एवढं आनंदात मी तीन दिवसांत पाहिलं नव्हतं. मीही हसत होते. हसून हसून बरगड्या दुखल्या. असं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आणि तेव्हाच बाबांचा फोन आला. पुण्याहून विचारणा झाली होती. काय सांगू, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, थोड्या वेळानं करते. ते म्हणाले, थोडा म्हणजे किती? ते बरोबरच होते. ऊन उतरायला लागलं होतं, आणि तिकडे तो विहिरीवर हात धुऊन पिशवी उचलायच्या तयारीत होता.

हा आता जाईल. मी घरी जाईन, हो म्हणेन, आणि जन्मभर इस्त्री केलेलं बोलेन. आणि याला ते कधी कळणारही नाही. मला त्या मुलाचा नाही, याचाच भयंकर राग आला. विहिरीपाशी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्याचे हात अजूनही काळेच होते, राख नखांत जाऊन बसली होती. मी त्याला सगळं सांगितलं. पुण्याचं स्थळ, बाबांची मुदत, "हो ना", सगळं, एका दमात.

"आता सांगा," मी म्हटलं. "तुमचं काही म्हणणं आहे का नाही? नसलं तं मी घरी जाऊन हो म्हणते."

तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत उभा राहिला. पार कानापर्यंत लाल झालेला. तीन दिवस माझ्याशी शब्दाला शब्द भिडवणारा माणूस, आणि आता त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी वाट पाहिली. वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मग दुसरंच विचारलं, जे मला मघापासून टोचत होतं. एवढा हुशार माणूस, दोरी मोजणारा, घाट मोजणारा, याला जळल्याचा वास आला कसा नाही?

"येऊन राह्यला होता," तो खाली पाहत म्हणाला. "पहिल्या तासानंतर थोड्याच वेळात आला."

"मग काढले काऊन नाही?"

"काढले असते तं भांडण मिटलं असतं, मॅडम." त्यानं मान वर केली. "भांडण नसलं तं मी तुमच्याशी काय बोलू? मले दुसरं काही बोलताच येत नाही तुमच्यापुढं. त्या दोरीचंही तसंच होतं. तुम्ही वळून पाहावं म्हणून विचारलं मी."

चाळीस माणसांचं जेवण. चाळीस माणसं भुकेनं तळमळत होती, गुरुजी ओरडत होते, आणि हा बाबा दोन हात कमरेवर ठेवून आपल्या डोळ्यांदेखत रोडगे जाळत उभा होता, का, तर माझ्याशी अजून थोडं भांडता यावं म्हणून. मला हसावं का रडावं कळेना, आणि बहुतेक मी दोन्ही केलं. कोणी माझ्यासाठी एवढा मूर्खपणा करेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. माझ्या रागाला घाबरून लोक बाजूला होतात, हा माणूस त्या रागासाठी खड्ड्याला गोवऱ्या घालत बसला होता.

मी तिथेच उभ्या उभ्या बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, पुण्याला नाही सांगा. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न, कारण काय सांगू? मी म्हटलं, माझं ठरलं आहे, इथेच ठरलं, आत्ता. मुलगा शिक्षक आहे, जळगाव जामोदकडचा आहे, गणितच शिकवतो. ते विचारायला लागले, घर कसं, माणसं कशी, कधीपासून ओळख, त्याच्यात तू काय पाहिलंस. मला यातलं एकही धड सांगता येत नव्हतं. मला जे माहीत होतं तेच सांगितलं, की यानं माझ्यासाठी चाळीस माणसांचे रोडगे जाळले.

झाडाखाली कोणीतरी अजून हसत होतं. हा समोर उभा राहून श्वास रोखून माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"जळक्या रोडग्यावर पोरगी देऊ काय मी?" बाबा म्हणाले.

"हाव," मी म्हटलं, आणि फोन त्याच्या काळ्या हातात दिला.